तीन नंबर तळ्याचा बासष्टावा दिवस

कावळ्यांना आमच्या आधी कळतं. त्या दिवशी पहाटे साडेपाचला पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा डीओ मीटर घेऊन मी बांधावर चढलो, तेव्हा तीन नंबर तळ्याच्या उत्तर कडेला सात-आठ कावळे ओळीने बसले होते. पक्षी उतरू नयेत म्हणून तळ्यावर नायलॉनच्या दोऱ्या ताणलेल्या असतात. कावळे त्या दोऱ्यांकडे बघतही नव्हते. कडेला गाळात उतरून निवांत काहीतरी उचलत होते.

मी तेव्हा पेण तालुक्यात, खाडीकाठच्या एका कोळंबी प्रकल्पावर टेक्निशियन होतो. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतलेली, हातात हे दुसरं पीक. जूनचा दुसरा आठवडा, अमावास्या. रात्री पहिला मोठा पाऊस झाला होता आणि पहिल्या पावसाबरोबर वीज गेली होती. जनरेटरवर चारपैकी तीन एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं, फिरत होते. मीटरने ऑक्सिजन 3.2 दाखवला. कमी होता, पण घाबरण्याइतका नव्हता. मग चेक ट्रे, म्हणजे कोळंबी खाते की नाही ते बघायचं तबक, वर ओढला. रात्री दहाचं खाद्य तसंच्या तसं पडलेलं.

कोळंबी खायचं सोडते तेव्हा पोटात गोळा येतो, आपल्या. तिचं काय होतं ते नंतर कळतं.

कावळे हाकलून खाली उतरलो. कोळंबी ही तळाशी वावरणारी जात. उजाडल्यावर काठाला येऊन पाण्याच्या वरच्या थरात गोल गोल फिरायला लागली, की समजायचं. एक ओंजळीत धरली. अंगावर लालसर झाक. डोक्यावरचं कवच नखाने सोलून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरलं. कवचाला आतून मिठाचे खडे चिकटावेत तसे पांढरे ठिपके. व्हाइट स्पॉट, कोळंबीचा विषाणूचा रोग. भारतात हा विषाणू 1994-95 मध्ये आला आणि त्याने टायगर कोळंबीची तळीच्या तळी बसवली. 2009 नंतर व्हॅनामेई या परदेशी कोळंबीला परवानगी मिळाली, रोगमुक्त बीज मिळायला लागलं, तरी हा पाहुणा गेला नाही. यावर औषध नाही. लक्षण दिसल्यापासून तीन ते दहा दिवसांत तळं संपतं. माणसाला मात्र त्याचा काही त्रास नाही. हे वाक्य मी त्या चोवीस तासांत किती वेळा म्हटलं असेन, कोण जाणे.

तळं एक एकराचं. चौरस मीटरला पन्नास, म्हणजे दोन लाख बीज टाकलेलं. बासष्ट दिवसांत पंचवीस किलोच्या ऐंशी गोण्या खाद्य त्यात गेलं होतं. या खाद्यात काय असतं? बऱ्यापैकी फिशमील, म्हणजे ट्रॉलरने ओढलेल्या बारक्या मासळीचा वाळवून केलेला भुगा. आणि त्या खाद्यातल्या नायट्रोजनपैकी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा कोळंबीच्या अंगी लागतो. बाकीचा पाण्यात आणि तळाच्या काळ्या गाळात. तीन नंबरच्या मध्यावर हा गाळ घोट्याच्या वर होता. काठी घातली की सडक्या अंड्याचा वास यायचा. एरेटर चालू असेपर्यंत तो गाळ खाली दबून असतो.

सव्वासहाला शेठना फोन केला. ते पनवेलला राहतात. "नक्की आहे का?" हा पहिला प्रश्न. "नमुना प्रयोगशाळेत पाठवतो, पीसीआर करून घेऊ," मी म्हटलं. "रिपोर्ट यायला?" "दोन दिवस." "दोन दिवसांत काय उरेल?" याचं उत्तर आम्हा दोघांना माहीत होतं. "आजच काढा. चार नंबरपण. आणि कोणाला बोलू नका, एजंटला कळलं तर भाव पाडेल."

इथे थोडं सांगायला हवं. रोग लागलेलं तळं काढायची एक पद्धत पुस्तकात आहे आणि ती चुकीची नाही. मोरी, म्हणजे तळ्याचं पाणी खाडीत सोडायचं फळ्यांचं दार, बंद ठेवायची. जाळं ओढून किंवा पाग टाकून माल काढायचा. मग पाण्यात ब्लीचिंग पावडर घालून ते काही दिवस कोंडून ठेवायचं, विषाणू मेला की मगच खाडीत सोडायचं. अंतिम वर्षाच्या तोंडी परीक्षेत मला हेच विचारलं होतं. त्यापुढचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या 11 डिसेंबर 1996 च्या निकालाचा होता. किनाऱ्यावरच्या कोळंबी तळ्यांनी शेतं खारावली, विहिरी नासल्या, म्हणून न्यायालयाने सीआरझेडमधली, म्हणजे किनाऱ्यालगतच्या नियमन क्षेत्रातली, औद्योगिक तळी पाडायला सांगितली होती. पुढे 2005 मध्ये कायदा करून कोस्टल अॅक्वाकल्चर अथॉरिटी बसवली आणि नोंदणी करून धंदा सुरू राहिला. दोन्ही उत्तरं मी धडाधड दिली होती. परीक्षक खूश.

आता हिशेब बघा. एक एकर, सव्वा मीटरच्या आतबाहेर पाणी, म्हणजे साधारण पन्नास लाख लिटर. हजार लिटरला शंभर ग्रॅम पावडर धरली तरी पाचशे किलो. पंचवीस किलोच्या वीस गोण्या. दोन तळ्यांना चाळीस. मी स्टोअर उघडलं. चार गोण्या होत्या, त्यातली एक ओलावा लागून दगड झालेली.

पुन्हा फोन. शेठ म्हणाले, "जाळं ओढलं तर किती वेळ?"

"दोन्ही तळ्यांना दीड-दोन दिवस. आणि माणसं जास्त लागतील."

"आणि मोरी उघडली तर?"

मोरीला पिशवीचं जाळं लावायचं, फळ्या एकेक काढायच्या, पाण्याबरोबर माल आपोआप जाळ्यात. ओहोटी असली की तीन-चार तासांचं काम. बाराला भरती भरणार होती आणि सहाला सुकती. अमावास्येचं उधाण म्हणजे पाणी झपाट्याने खाली जाणार. सगळं जुळून आलेलं. मी हे सगळं त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं असं आज वाटतं, पण ते पंधरा वर्षं या धंद्यात होते, भरती-ओहोटी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायची.

"ब्लीचिंग आहे तेवढं टाका," ते म्हणाले.

दुपारी बर्फाची गाडी आली. एजंटने टोपलीतली एक कोळंबी उचलून दाबली, ती कापसासारखी दबली. अमावास्येला कोळंबी कात टाकते, त्यामुळे माल मऊ. दुसरी उचलली, डोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलला नाही. शंभर काउंटचा, म्हणजे किलोला शंभर नगांच्या मालाचा, सकाळी फोनवर ठरलेला भाव बांधावर उतरेपर्यंत किलोमागे साठ रुपयांनी खाली आला. म्हणजे ज्याच्यासाठी गप्प राहायचं होतं तो उभ्या उभ्या ओळखून गेला होता.

गप्प राहण्याची खरी किंमत दुसरीकडे होती. आमच्याच खाडीवर, खालच्या अंगाला दीडेक किलोमीटरवर आणखी एक प्रकल्प आहे. तिथला टेक्निशियन शिरगावचाच, माझ्या दोन वर्षं मागचा. मला अजून 'सर' म्हणायचा. भरतीला ते खाडीतून पंपाने पाणी घेतात, आम्हीही तेच करतो. एकाचं मोरीचं पाणी ते दुसऱ्याचं पंपाचं पाणी. दीड वाजता मी मोबाईलवर टाइप केलं, 'आठ दिवस पंप लावू नको.' मग ते पुसलं. माल गाडीत चढला की पाठवू, असं ठरवलं.

दोन वाजता पहिली फळी काढली. सुरुवातीचं पाणी हिरवट, बरं दिसणारं. जाळ्याची पिशवी भरत होती, आमचे झारखंडचे दोघे आणि गावातले चौघे टोपल्या ओढत होते. चार वाजता तळं अर्ध्यावर आलं आणि एरेटर बंद केले. मग तळाचा गाळ सुटायला लागला. पाणी आधी तपकिरी, मग काळं. मोरीच्या तोंडाशी राखाडी फेस. वास असा, की गावातला एक पोरगा टोपली ठेवून बाजूला जाऊन ओकला. मी तीन गोण्या ब्लीचिंग मोरीच्या तोंडाशी ओतली. वाहत्या पाण्यात, चार मिनिटांत वाहून जाणारी. हे सांगताना आता हसू येतं, पण तेव्हा मी ते अगदी गंभीरपणे, मास्क लावून केलं.

ही जागा पूर्वी भाताची होती. समुद्राकडच्या बांधाला खांड पडली, वेळेत कोणी बांधली नाही, उधाणाचं पाणी आत आलं. पूर्वी अख्खं गाव खांद्याला खांदा लावून खांड बुजवायचं, आता अर्धा गाव नोकरीला. दोन-तीन वर्षं रातादेखील उभा राहिना, आणि राता हे तर खाऱ्या जमिनीचं भात. मग शेठनी जमिनी भाड्याने घेतल्या. म्हणजे शेठनी शेती बुडवली असं नाही, बुडालेलीच घेतली. पण तळी झाल्यावर लगतच्या खाचरांतही खार उतरायला लागला. ज्यांनी जमीन दिली नव्हती त्यांनीही मग दिली. या भागात तळ्यात मासे पाळणं काही नवीन नाही, घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवून जावयाला घालणारी ही माणसं. पण जिताड्याच्या तळ्याला जनरेटर लागत नाही.

रात्री अकराला गाडी गेली. मी रजिस्टर लिहायला बसलो. 'पाणी सोडल्याची तारीख' आणि 'क्लोरिनेशनची तारीख' असे दोन रकाने असतात. क्लोरिनेशनपुढे त्या दिवशीची तारीख टाकली. पाणी सोडल्यापुढे दहा दिवसांनंतरची. खाली सही. माझी सही तशी वळणदार आहे. मग आडवा झालो. मेसेज राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोरीकडे गेलो तर खाली चिखलात काकी उभ्या होत्या. खाडीपलीकडच्या वाडीतल्या. रोज सुकतीला यायच्या, हाताने निवट्या, म्हणजे चिखलात बिळं करून राहणारे मासे, काढायच्या, बिळात आकडा घालून चिंबोऱ्या काढायच्या आणि नाक्यावर नेऊन विकायच्या. होडी नाही, जाळं नाही. मच्छीमाराच्या बऱ्याच सवलती होडीच्या कागदावर मिळतात, काकींकडे फक्त घमेलं होतं. पहिल्या पावसानंतरचे हे दिवस त्यांच्या मोठ्या कमाईचे, वलगणीचे. पाऊस पडला की मासा खाडीतून, ओढ्यातून शेताकडे चढायला बघतो आणि माणसं पायाखाली पकडतात.

घमेल्यात वीस-पंचवीस बोयटी, खाडीतले मासे, होत्या. पोट वर, तोंड उघडं, कल्ल्यात काळा गाळ. दोन शिंगाळ्याही. निवट्या बिळात नव्हत्याच, चिखलावर आडव्या पडल्या होत्या. निवटी पकडायला किती चपळाई लागते ते ज्याने प्रयत्न केलाय त्याला माहीत. काकी नुसत्या वाकून उचलत होत्या, भाजी निवडावी तशा.

"काल पानी सोरलंव नं तुमी?" त्यांनी विचारलं.

"हो काकी. माल काढला."

"म्हनून वास येत व्हता." मग घमेलं माझ्याकडे तिरकं केलं. "तू शिकलेला हायस. इकाया चालंल का ह्या?"

मी म्हटलं, "तो रोग माणसाला होत नाही."

हे खरं होतं. पण बोयटी त्या रोगाने मेल्याच नव्हत्या, तो रोग माशाला होत नाही. गाळाने पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकला, त्यात माझं ब्लीचिंग, त्यात वरून पावसाचं गोडं पाणी. नेमकं कशाने, हे सिद्ध करायला नमुने घ्यावे लागले असते आणि ते घेणारा मीच होतो. काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी पुन्हा म्हटलं, "पण नका विकू."

"मंग कोंबऱ्यांना?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी घमेलं तिथेच पालथं केलं, चिखलाच्या पाण्यात खळबळून घेतलं आणि बांधावर चढल्या. चार-पाच दिवस त्या दिसल्या नाहीत. नंतर त्या पुलापलीकडे जायला लागल्या होत्या, एका बाजूने पाऊण तास चालत.

गावात कुरबूर झालीच. आठवड्याने शेठ आले, गावकीच्या चार माणसांबरोबर चहा झाला, देवळाच्या पत्र्यांसाठी पंचवीस हजारांची पावती फाटली. पावती खरी, पत्रेही खरोखर बसले. काकींची वाडी त्या गावकीत येत नाही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. खालच्या प्रकल्पावरचा माझा ज्युनिअर. मागे एरेटरचा आवाज, म्हणजे बांधावरूनच बोलत होता.

"सर, तुमच्याकडे काही होतं का? माझ्या दोन नंबरला खाद्य उठत नाहीये."

"कावळे आहेत का?" मी विचारलं.

तो थोडा थांबला. बघत असावा. "आहेत."

"शेवटचा पंप कधी लावला होतास?"

त्याने रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला आणि मग तारीख सांगितली. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीची, दुपारच्या भरतीची.