व्यसन : नाही

पहाटे साडेपाचला वॉर्डातून फोन आला. रात्रीच्या ड्यूटीवरचा रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, ३४ वर्षांचा पेशंट आहे. दोन्ही पायांतली ताकद गेलीय, खुर्चीतून उठताच येईना म्हणून घरच्यांनी उचलून आणलं. मला जीबीएस वाटतोय."

जीबीएस म्हणजे पायांपासून वर चढत जाणारा लकवा. वेळेत ओळखला नाही तर श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचतो. पोरगा हुशार आहे, उगाच घाबरवणाऱ्यातला नाही. मी तशीच निघाले.

पेशंट रात्रपाळीचा क्रेन ऑपरेटर, अंगानं चांगला धडधाकट. पाय उचला म्हटलं तर टाच गादीवरून सुटेना, अंगठा मात्र बऱ्यापैकी हलत होता. म्हणजे ताकद वरून, मांड्यांतून गेलेली. टाचणी टोचलेली कळत होती. गुडघ्यावर हातोडी मारली तर मंद का होईना, पाय उडाला. जीबीएसमध्ये हे रिफ्लेक्स बहुधा गायबच असतात. तेवढ्यात ईसीजीची पट्टी हातात आली. टी वेव्ह सपाट झालेली आणि तिच्या मागे एक लहानसं टेकाड, यू वेव्ह. लॅबचा फोन यायच्या आधीच आकडा कुठे असणार याचा अंदाज आला होता. पोटॅशियम १.९ निघालं.

हे ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. स्नायूच्या पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, बाहेर रक्तात थोडं. या फरकावरच स्नायूचं आकसणं-सैलावणं चालतं. बाहेरचं फार उतरलं की स्नायू हुकूम ऐकेनासा होतो. हृदय हाही स्नायूच, म्हणून मला पायांपेक्षा मॉनिटरची काळजी जास्त होती.

स्टँडवर डेक्स्ट्रोजची बाटली लटकत होती. अशक्तपणा म्हटलं की कुणीतरी ती लावतंच. मी आधी ती उतरवायला सांगितली. साखर रक्तात गेली की इन्सुलिन सुटतं, आणि इन्सुलिन पोटॅशियमलाही पेशीत ढकलतं. त्या जागी साध्या सलाइनमधून पोटॅशियम सुरू केलं, तासाला १० मिलीइक्विव्हॅलंट. यात घाई चालत नाही, भराभर सोडलं तर हेच औषध हृदय थांबवतं.

मग माझे नेहमीचे प्रश्न. उलट्या? नाही. जुलाब? नाही. लघवी जास्त होण्याची गोळी, वजन कमी करायचं औषध, काही काढा-चूर्ण? नाही. घरात कुणाला असा त्रास? नाही. दारू? "कधीच नाही, मॅडम." तंबाखू, सिगारेट? बायको शेजारून जरा अभिमानानंच म्हणाली, "कसलंही व्यसन नाही हो यांना." मी कागदावर लिहिलं, व्यसन : नाही.

थायरॉइड वाढला तरी असा लकवा येतो, म्हणून तो तपासला. नॉर्मल. लघवीतलं पोटॅशियम अगदी कमी आलं, म्हणजे मूत्रपिंडं बिचारी चोख काम करत होती, आहे ते राखत होती. गळती दुसरीकडे कुठेतरी होती, किंवा मुळात पोटात जातच नव्हतं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. तिच्याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही, हल्ली प्रत्येक तिसऱ्या रिपोर्टात ते वाक्य असतं.

संध्याकाळी पोटॅशियम २.७ झालं. गडी स्वतःहून गुडघे दुमडायला लागला, बायकोच्या चेहऱ्यावर रंग आला. मी निवांत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी २.२. मी लॅबवर चिडले, नमुना पुन्हा पाठवला. पुन्हा २.२. रात्रभर शिरेतून पोटॅशियम जातंय आणि आकडा उतरतोय! राउंडला आम्ही चौघं कॉटभोवती उभे राहून दुर्मिळ आजारांची नावं घेत होतो. रेसिडेंटनं दोन अशी काढली की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागलं असतं. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, या कॉटखालच्या बाटल्या काढू का? सगळं चिकट झालंय इथं."

कॉटखाली कापडी पिशवीत कोलाच्या दोन-दोन लिटरच्या तीन बाटल्या होत्या. दोन रिकाम्या. तिसरीचं झाकण सैल, तळाशी चार बोटं काळं पाणी उरलेलं, बाहेरून सुकलेले ओघळ. हलवून पाहिली तर एक बुडबुडाही वर येईना.

"हे कोण पितं?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. "मीच," तो म्हणाला.

"दिवसाला किती?"

"दोन."

"ग्लास?"

"बाटल्या."

दिवसाला चार लिटर, गेली सहा वर्षं. क्रेनवर झोप लागू नये म्हणून सुरू झालेलं. पाणी? "पाणी जातच नाही मॅडम, फिकं लागतं." जेवण? भूकच नसते. मी जुलाबांचं पुन्हा विचारलं, या वेळी शब्द बदलून. "तीन-चारदा पातळ होतं रोज, पण ते माझं नेहमीचंच." इथे अशक्त वाटतं म्हणून बायको रात्रभर तेच पाजत होती, तरतरी यावी म्हणून. वरून आमची सलाइन आणि खालून ती बाटली!

रेसिडेंटनं फोनवर हिशेब मांडला. कोलात १०० मिलीलिटरमागे साधारण साडेदहा ग्रॅम साखर. चार लिटरचे झाले ४२० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगतेय की वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. हे ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला २५ ग्रॅमच्या आसपास. हा गडी सतरापट पीत होता. त्यातून १,६०० च्या वर कॅलरी मिळत होत्या, मग भूक लागणार कशी? आणि जेवण कमी म्हणजे पोटॅशियमची आवक कमी, कारण कोलात ते नावालाच. एवढी साखर आतड्याला पेलली नाही तर ती पाणी ओढून घेते, त्या पातळ शौचावाटे पोटॅशियम जातं. जी साखर शोषली जाते ती इन्सुलिन उसळवते, म्हणजे जे डेक्स्ट्रोज मी ऐटीत उतरवलं होतं तेच हा तोंडानं घेत होता. शिवाय चार लिटरमध्ये जवळजवळ ४०० मिलिग्रॅम कॅफिन. युरोपातली अन्नसुरक्षा संस्था मोठ्या माणसासाठी दिवसाची सुरक्षित मर्यादा एवढीच धरते. कॅफिनही पोटॅशियमला पेशीत ढकलतं. कोला खूप पिऊन पोटॅशियम उतरल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेल्या आहेत. मी त्या वाचल्याही होत्या, पण कॉटशेजारी उभी असताना एकही आठवली नाही.

आता त्याला मी तोंड उघडायला लावलं. पुढच्या दातांच्या कडा पातळ, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या. दाताचं वरचं कवच साधारण ५.५ पीएचखाली विरघळायला लागतं, कोलाचा पीएच अडीचच्या आसपास. पहिल्या दिवशी घसा बघताना हे दात मी पाहिले होते. पाहून पुढे गेले होते.

बाटल्या गेल्या. त्या रात्री त्याचं डोकं असं ठणकायला लागलं की रेसिडेंट सीटी स्कॅनचा कागद भरायला बसला. मी म्हटलं, थांब. कॅफिन एकदम तुटलं की एक-दोन दिवसांत असंच डोकं धरतं. सकाळी त्याला अर्धा कप कॉफी दिली, तासाभरात उठून बसला. एक कप चहा-कॉफी ठेवून हळूहळू उतरवायला हवं होतं, तेही मला नंतरच सुचलं. पोटॅशियम तिसऱ्या दिवशी ३.६ झालं आणि तिथेच टिकलं.

जाताना बायकोनं विचारलं, गॅसनं हाडं ठिसूळ होतात म्हणे? हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा येतोच. गॅस बिचारा ढेकर आणि पोटफुगी यापलीकडे सहसा काही करत नाही. २००६ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडाची घनता कमी आढळली, फसफसणाऱ्या इतर पेयांत तसं दिसलं नाही. कोला हेच त्याचं कारण, असं एवढ्यावरून ठरत नाही. त्याचा प्रश्न वेगळा होता. "मग बिनसाखरेचं चालेल?" मी म्हटलं, साखर जाईल, कॅफिन आणि आंबटपणा तिथेच राहील, दात तेवढेच झिजतील. चार लिटर तर कशाचंच नको.

डिस्चार्जचे कागद करताना पहिलं पान समोर आलं. व्यसन : नाही. अक्षर माझंच. केसपेपरवर खाडाखोड करायची नसते, म्हणून खाली तारीख टाकून लिहिलं : कोला, रोज ४ लिटर, ६ वर्षं. तेव्हापासून मी दारू-तंबाखूच्या आधी विचारते, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पिता ते सांगा." लोक आठवून आठवून सांगतात. सहाव्या-सातव्या गोष्टीला कामाचं काहीतरी निघतं.

महिन्याभरानं तो चालत आला, पोटॅशियम ४.१. रात्रपाळीला एक छोटा कॅन घेतो म्हणाला, "खोटं सांगत नाही मॅडम." बरोबर पाळीतला एक मित्र होता, त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. मी विचारायच्या आतच मित्र म्हणाला, "मी ते काळं पीत नाही हां. एनर्जी ड्रिंक घेतो."

"किती?"

"मोजलं नाही कधी."

त्याचंही रक्त पाठवलं. ३.२ आलं.