तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नुसता आकडा बदलला तर?’

“अपग्रेडनंतर एक्स्टेंशन बंद पडलं. त्याच्या मेटाडेटाच्या (माहितीच्या) फाइलमधला शेलच्या आवृत्तीचा आकडा बदलला की चालतं म्हणे. मग तुम्ही नको का म्हणता?” प्रत्येक नव्या उबुंटूनंतर हे विचारलं जातं, म्हणून एकदाच नीट सांगतो. (उबुंटू ही लिनक्स प्रणाली, ग्नोम हा तिचा डेस्कटॉप, शेल म्हणजे ग्नोमचा वरची पट्टी आणि खिडक्या सांभाळणारा भाग, आणि एक्स्टेंशन म्हणजे शेलला जोडायची छोटी भर.)

पूर्वी मीही आकडा बदला म्हणायचो, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. २०२१ मध्ये ग्नोम ४० ने एक्स्टेंशन चालू शेलच्या आवृत्तीसाठी आहे का, ही तपासणी पुन्हा सक्तीची केली, तेव्हा मी चिडलो होतो. पण सप्टेंबर २०२३ मध्ये ग्नोम ४५ आलं आणि एका फाइलमधला कोड दुसरीत आणण्याची पद्धतच बदलली. उबुंटू २२.०४ मध्ये ग्नोम ४२, २४.०४ मध्ये ४६. म्हणजे हा बदल थेट वाटेतच येतो. आकडा बदलून तपासणी चुकवाल, पण जुना कोड सुरूच होत नाही.

माझी मावशी मुद्रितशोधनाची कामं घेते. क्लिपबोर्डच्या एक्स्टेंशनमध्ये तिने नेहमीचे शेरे, लेखकांना विचारायच्या शंका, पत्रांचे मजकूर पिन करून ठेवले होते. अपग्रेड झालं आणि वरच्या पट्टीतलं चिन्ह गेलं. ओळखीतल्या एका मुलाने आकडा बदलून पाहिला. जमलं नाही. मग ‘सगळं साफ करून पुन्हा टाकू’ म्हणत त्याने एक्स्टेंशनचं फोल्डर उडवलं, कॅशही (तात्पुरत्या साठ्याचं फोल्डर) उडवली. पिन केलेलं सगळं त्या कॅशमध्येच होतं. मी पोचलो तेव्हा मावशी आठवेल तसं वहीत लिहून काढत होती. प्रणालीच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) कारण स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि त्याच एक्स्टेंशनची ४६ साठीची आवृत्तीही केव्हाच आलेली होती. त्या मुलाला काय बोलणार? सगळीकडे सांगतात तेच त्याने केलं.

४६ वरून ४७ ला जाताना आकडा बदलून चालतं, असं तुम्ही म्हणाल. पुष्कळदा चालतंही. पण एक्स्टेंशन शेलच्याच प्रोसेसमध्ये चालतं, आणि वेलँडवर (खिडक्या पडद्यावर दाखवण्याची नवी व्यवस्था) शेल कोसळलं की अख्खं सेशन जातं, न जतन केलेल्या कामासकट.

ग्नोमने एक्स्टेंशनसाठी कायमचा एपीआय (शेलशी बोलायचा ठरलेला, न बदलणारा मार्ग) का दिला नाही, हा माझाही जुना सवाल. दिला असता तर मावशीचे मजकूर वाचले असते. पण मग शेलच्या आत थेट हात घालायची मोकळीक राहिली नसती, आणि ज्या एक्स्टेंशनसाठी मी ग्नोमवर टिकून आहे ती कुणी लिहिलीही नसती. मला दोन्ही पटतं, अजूनही.

तेव्हा विचारायचं असेल तर जर्नलसीटीएलमधल्या (लॉग दाखवणारी आज्ञा) शेलच्या ओळी आधी पाठवा. तोवर कॅशला हात लावू नका.