ताईचा काडीमोड आणि ताईचा फ्लॅट

शनिवार, रात्री

दिवसभर डोक्यात एकच गोष्ट फिरून राहिली आहे म्हणून लिहून काढते. ताईने नागपुरातला बेसाचा फ्लॅट स्वतःच्या पगारातून घेतला, ईएमआय तीच भरते, डाउन पेमेंटच्या वेळी काकूंनी, म्हणजे ताईच्या आईने, हातातल्या पाटल्या मोडल्या, आणि उद्या ताईला काही झालं (देव न करो) तर तो फ्लॅट जाणार कोणाला? ज्या नवऱ्याने इतक्या वर्षांत एक फोन केला नाही त्याला. काकूंना नाही. हे आज वकील मॅडमनी समजावून सांगितलं तेव्हा ताई काही बोललीच नाही, पर्सची चेन नुसती उघडत होती आणि लावत होती.

विषय निघाला बँकेतून. ताईला नॉमिनी बदलायचा होता, तिथे कोणीतरी म्हटलं घटस्फोट झाला असेल तर कोर्टाची डिक्री दाखवा, तर ताई म्हणे माझ्याकडे कागद आहे न. तो कागद मी आज पहिल्यांदा नीट पाहिला. शंभराचा स्टॅम्पपेपर, घडीवर फाटत आलेला, मागून चिकटवलेली टेप पिवळी पडलेली, नोटरीचा गोल जांभळा शिक्का, खाली दोघांच्या सह्या आणि दोन्हीकडच्या मोठ्या माणसांच्या सह्या. मजकूर काय तर आजपासून आमचा नवरा-बायको म्हणून संबंध राहिला नाही, कोणी कोणावर हक्क सांगणार नाही. बैठकीत ठरलं, सगळ्यांनी चहा घेतला, मोकळे झाले. ताई तेव्हापासून स्वतःला घटस्फोटित समजते, फॉर्मवर तसंच लिहिते.

सिव्हिल लाईन्सला वकील मॅडमनी तो कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाल्या, याने लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे, त्यात घटस्फोट कोर्टाच्या हुकुमानेच होतो, नोटरीला तो अधिकारच नाही. काही समाजांत काडीमोडाची जुनी रूढी आहे आणि कायदा ती मानतो, पण ती रूढी खरंच चालत आली हे कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं, नुसती मोठ्यांची बैठक म्हणजे रूढी नाही. म्हणजे कायद्याच्या डोळ्याने ताई आजही त्याची बायको आहे. काकूंचं तोंड पांढरं पडलं. "काहून बाप्पा, काडीमोड तर झाला होता न," एवढंच म्हणाल्या.

आणि मग तो वारसाचा मुद्दा, ज्याने माझी झोप उडाली. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १५. बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी मुलं आणि नवरा यांना, ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आणि त्यानंतर तिच्या आई-बापाला. हो, नवऱ्याच्या नातेवाईकांनंतर आई! ताईला मूल नाही, म्हणजे सगळं त्या एकट्याला. तो नसला तर त्याच्या माणसांना. काकू रांगेत त्यांच्याही मागे. महालातल्या घरातला जो हिस्सा ताईला काकांकडून आला तो मात्र मूल नसेल तर काकांच्याच वारसांकडे परत येतो, कायद्यात तशी तरतूद आहे, पण जे तिने रात्रीचे दिवस करून स्वतः कमावलं ते सासरकडे. मुलगा गेला तर त्याची आई पहिल्या वर्गाची वारस, बायको-मुलांच्या बरोबरीने हिस्सा, आणि मुलगी गेली तर आई मागे. माझ्या मते हा उघड अन्याय आहे, आणि यावर कोणी कितीही समजावलं तरी मला तो पटायचा नाही.

मॅडमनी २००९ ची सुप्रीम कोर्टाची एक केस सांगितली, ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण. बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी लागली, १९९६ मध्ये गेली आणि मागे मृत्युपत्र नाही. बँकेतले पैसे, पीएफ, सगळं तिच्या स्वतःच्या कमाईचं. तिच्या आईने दावा केला आणि कोर्टाने ते दिलं नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. सहानुभूती आहे पण कायदा कायदा आहे, असं. २०२५ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानेच बायकांना, खास करून हिंदू बायकांना, मृत्युपत्र करून ठेवा म्हणून आवाहन केलं आहे. कोर्टाला सांगावं लागतं म्हणजे किती घरांत हे होऊन राहिलं असेल.

ताईने विचारलं, मग मी सगळीकडे आईला नॉमिनी केलं तर? मॅडम म्हणाल्या नॉमिनी करा जरूर, पैसे अडकत नाहीत, पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो पैसे हातात घेतो आणि वारस ते त्याच्याकडून मागू शकतात. शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय. विम्याच्या बाबतीत १९८४ चा निकालही असाच होता, पण २०१५ मध्ये विमा कायदा बदलला आणि आई नॉमिनी असेल तर तिथे तिची बाजू आता जास्त भक्कम आहे. फॉर्मवर नाव टाकलं की झालं असं समजून बसलेले माझ्या ओळखीतच ढिगाने आहेत.

उपाय दोन, आणि क्रम महत्त्वाचा. आधी मृत्युपत्र, मग घटस्फोट. कारण घटस्फोटाला महिने लागतील आणि मृत्युपत्र या आठवड्यातच होतं, आणि लग्न कागदावर शिल्लक असलं तरी स्वतःच्या कमाईचं काहीही ताई कोणालाही देऊ शकते, नवऱ्याची परवानगी लागत नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प ड्युटी नाही, दोन साक्षीदार ज्यांनी सही होताना पाहिली आणि स्वतः सह्या केल्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, उगाच शंकेला जागा. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्या म्हणाल्या, पुढे कोणी खोटं म्हणायला आलं तर कामी येतं. मनात आलं तर पुन्हा बदलता येतं, शेवटचं असेल ते खरं. आणि एक गोष्ट जी मला सुचलीच नसती, काकू ताईच्या आधी गेल्या तर कोणाला, हेही लिहायचं, नाहीतर ते देणं रद्द होतं आणि फ्लॅट फिरून त्याच कलम १५ मध्ये.

घटस्फोटाचं तर तो राजी असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-बी, दोघांचा एकत्र अर्ज, एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे ते तर झालंच आहे. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं पण २०१७ च्या निकालापासून परिस्थिती पाहून कोर्ट ते माफ करू शकतं. राजी नसेल तर दोन वर्षांहून जास्त सोडून दिलं या कारणावर ताई एकटी अर्ज करेल, फक्त वेळ जास्त. लग्न अमरावतीला झालं तरी केस नागपूरच्या फॅमिली कोर्टात टाकता येते, बायको जिथे राहते तिथे. स्त्रीधन, पोटगी, जे काही असेल ते अर्जातच स्पष्ट लिहून घ्यायचं, तोंडी काही ठेवायचं नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, हेल्पलाईन १५१००. हे मी इथे मुद्दाम लिहून राहिली आहे, कारण असा पिवळा पडलेला कागद कपाटात ठेवून बसलेली ताई एकटी नाही.

येताना काकू गाडीत म्हणाल्या, जित्या पोरीचं मृत्युपत्र काय करायचं, अपशकुन असतो. ताई एवढ्या वेळात पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "आई, तुह्या पाटल्या आहेत त्या घरात. त्याले नाही देत मी." काकू गप्प झाल्या, मग थोड्या वेळाने स्वतःच विचारलं साक्षीदार कोण घ्यायचे.

शेजारच्या डॉक्टरीणबाई आणि ताईच्या ऑफिसातल्या एक मॅडम तयार आहेत. सेल डीड, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), लोनची कागदं आणि महालच्या घराची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून ठेवली, सोमवारी मसुदा घेऊन परत सिव्हिल लाईन्स. पीएफमध्ये अजून त्याचंच नाव निघालं, ई-नॉमिनेशन आताच बदलायला घेतलं होतं पण ओटीपी येऊन नाही राहिला, सकाळी परत करू.