ओढाओढी अपडेट: सीडीच्या पट्ट्या, बर्फ-मीठ आणि वेग

स्टेपर मोटर, लीडस्क्रू (फिरला की जबडा सरकवणारा लांब स्क्रू) आणि ५० किलोचा लोड सेल (ओढ मोजणारा सेन्सर) असं, प्लास्टिकची पट्टी ओढून तिची ताकद मोजणारं आपलं ताणयंत्र एकदाचं नीट चालायला लागलंय. मटेरियल जुन्या सीडी. सीडी म्हणजे पॉलिकार्बोनेट, जाडी १.२ मिमी, फुकट, आणि थ्रीडी प्रिंट केलेल्या पट्टीसारखी लेयरची भानगड नाही. मधे ५ मिमी रुंद ठेवून डंबेलच्या आकाराची पट्टी कापली की छेद ६ चौरस मिमी, यील्ड (ज्या ताणाला प्लास्टिक कायमचं लांबायला लागतं तो) ६० मेगापास्कल धरलं तर साधारण ३७ किलो, सेलमध्ये आरामात बसतं. लेबल मात्र आधी खरवडून काढा, जबड्यात सँडपेपर लावा नाहीतर पट्टी सटकते.

आता गंमत. वेग दहापट केला तरी यील्ड जेमतेम काही टक्केच वर जातं, पण जातंच, आणि वेगाचा अक्ष लॉगमध्ये घेतला की ठिपके बऱ्यापैकी सरळ रेषेत येतात. रसायनशास्त्रज्ञ आयरिंगची १९३६ ची कल्पना हीच, की प्लास्टिकच्या रेणूसाखळीचा तुकडा उष्णतेमुळे सारखा चुळबुळ करत असतो, अधूनमधून अडथळा ओलांडून पुढच्या जागी सरकतो, आणि ताण लावला की त्या दिशेचा अडथळा बुटका होतो. हळू ओढलं तर त्याला वेळ भरपूर मिळतो, कमी ताणात भागतं, घाई केली की जास्त ताण मोजावा लागतो. त्यामुळे हळू ओढणं आणि पट्टी थोडी गरम करणं हे जवळपास एकच काम आहे, हे मला सगळ्यात भारी वाटलं.

गार टेस्टसाठी फ्रीजर कामाचा नाही, इतकी पातळ पट्टी जबड्यात लावेपर्यंत गरम होते. यंत्रावरच थर्माकोलच्या खोक्यात बर्फ-मीठ ठेवा, यील्ड लगेच वर चढलेलं दिसतं.

अजून एक, जोरात ओढलं की नेकिंग होतं (पट्टी एका जागी बारीक होते) तिथली पट्टी हाताला कोमट लागते. म्हणजे यील्डनंतरचा ग्राफ वेगाचा की तापलेल्या प्लास्टिकचा ते वेगळं करता येत नाही, म्हणून मी ग्राफचं फक्त पहिलं शिखर, म्हणजे यील्ड, मोजतो.

पीएलए (थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) वापरणाऱ्यांनी जरा जपून, त्याचं काच-तापमान (ज्याच्या वर प्लास्टिक मऊ पडतं ते) ६० डिग्रीच्या आसपासच आहे, मे महिन्यात बंद गाडीत पीएलएचं हूक हळूहळू वाकतं ते यामुळेच, हाताने झटका देऊन बघितलं तेव्हा भले मस्त टिकलं असेल. पुढच्या वेळी ४५ डिग्रीला पीएलएची पट्टी नुसतं वजन लटकवून ठेवणार आहे, मोटर बंद.