तुम्ही विचारलंत म्हणून: हेल्मेटवाला फुटबॉल की पायाचा?

दर दोन वर्षांनी कोल्हापूरला गेलो की पेठेतल्या कट्ट्यावर मला एकच प्रश्न ठरलेला असतो: ‘तिकडं हेल्मेट घालून खेळत्यात त्यो फुटबॉल बघायला भारी, का युरोपातला?’ विचारणारे काही हौशे-गवशे नसतात. पाटाकडील आणि दिलबहार या कोल्हापुरी संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांवर दोन तास आधी जागा धरून बसणारी ही माणसे आहेत. ‘दोन्ही आपापल्या जागी चांगले’ असले गुळमुळीत उत्तर त्यांच्यापुढे चालत नाही. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये राहून मला एकोणीस वर्षे झाली आणि त्यांतली पहिली तीन अमेरिकी फुटबॉलला नावे ठेवण्यात गेली. आता माझे उत्तर असे असते, की घरी बसून बघायचा तर अमेरिकी आणि मैदानात जाऊन बघायचा तर युरोपातला. एवढ्याने कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून ते सविस्तर मांडतो. पायाने खेळायच्या खेळाला मी फुटबॉलच म्हणणार आहे. सॉकर हा शब्द इतक्या वर्षांतही माझ्या तोंडी बसलेला नाही.

आपल्याकडच्या माणसाला अमेरिकी फुटबॉल समजावताना मी नेहमी क्रिकेटपासून सुरुवात करतो, कारण तोही चेंडूगणिक थांबणारा खेळ आहे. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. या प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. डाउन काही सेकंदांत आटोपतो आणि पुढचा सुरू करायला बहुतेक वेळा चाळीस सेकंद मिळतात. २०१० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने काही सामने घड्याळ लावून मोजले, तेव्हा तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असल्याचा वेळ जेमतेम अकरा मिनिटे भरला. फुटबॉलवाले हा आकडा अमेरिकनांना खिजवण्यासाठी वापरतात. मीही पुष्कळदा वापरला आहे. मात्र उरलेल्या वेळात प्रेक्षक काय करत असतो, हे त्या आकड्यातून कळत नाही.

तो अंदाज बांधत असतो. तिसरा डाउन आहे आणि दोन यार्ड हवे आहेत. आता चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसतील, की सगळ्यांना तसे भासवून लांब फेकतील? यावर शेजाऱ्याशी वाद घालायला अर्धे मिनिट मिळते आणि कोण बरोबर होते याचा निकाल लगेच लागतो. एका रविवारी असे शंभराहून अधिक निकाल लागतात. एका हिवाळ्यात आई आमच्याकडे आली होती. पहिल्या रविवारी, घोळका करून डोक्याला डोके लावून उभ्या असलेल्या खेळाडूंकडे बघत तिने विचारले, ‘हे सारखं मीटिंग कसली घेत्यात रं?’ चौथ्या रविवारी तीच पडद्यावरच्या पिवळ्या रेषेवर बोट ठेवून म्हणाली, ‘हितवर पोचला की झालं, न्हवं?’ दहा यार्ड कुठे पुरे होतात हे दाखवणारी ती रेषा १९९८ मध्ये प्रथम दूरचित्रवाणीवर आली, आणि नवख्या माणसाला हा खेळ कळावा म्हणून याहून उपयोगी काही कोणी केले असेल असे मला वाटत नाही.

ही रेषा मैदानावर मात्र नसते. ती संगणकाने काढलेली असते, त्यामुळे पैसे मोजून वरच्या सज्जात बसलेल्या माणसाला कडेला धरलेल्या नारिंगी खुणांवरून अंदाज घ्यावा लागतो. घरी जाहिराती लागतात तेव्हा मैदानात काहीच लागत नाही. बावीस गडी हात चोळत उभे राहतात आणि डिसेंबरच्या थंडीत आपणही तेच करतो. एक गोष्ट तेवढी मैदानातच कळते. आपला संघ चढाई करत असतो तेव्हा प्रेक्षक देवळात बसल्यासारखे गप्प असतात, आणि चेंडू पाहुण्यांकडे गेला की तेच प्रेक्षक, विशेषतः तिसऱ्या डाउनला, बेंबीच्या देठापासून ओरडतात. पाहुण्यांच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चढाई चालवणाऱ्या खेळाडूची, हाक त्याच्याच गड्यांना ऐकू जाऊ नये, एखादा वेळेआधी हलावा आणि त्यांना पाच यार्डांचा दंड व्हावा, एवढाच त्यामागचा हिशेब असतो. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड मैदानावर २०१४ मध्ये हा गोंगाट १४२.२ डेसिबल मोजला गेला. आमच्याकडे त्या वेळी पिवळे टॉवेल गरगर फिरतात. ती कल्पना १९७५ मध्ये मायरन कोप या समालोचकाची. आपल्या ओरडण्याने समोरचा संघ पाच यार्ड मागे गेला, हे समाधान मला दुसऱ्या कोणत्याही खेळाने दिलेले नाही.

युरोपातले मैदान मी पहिल्यांदा पाहिले ते जर्मनीतल्या डॉर्टमुंडला. तिथल्या दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये पंचवीस हजारांच्या आसपास माणसे उभ्याने सामना बघतात. माझी जागा त्यांच्या समोरच्या बाजूला होती आणि पहिली दहा मिनिटे मी चेंडूऐवजी त्यांच्याकडेच बघत बसलो. तिथे कोणी अंदाज बांधत नव्हते, कारण बांधायला फुरसतच नसते. पंचेचाळीस मिनिटे खेळ सलग चालतो, आणि डोळे चेंडूवर खिळलेले असताना माणसाला तोंडाने जे करता येते ते म्हणजे गाणे. गोल झाला तेव्हा ध्वनिक्षेपकावरून खेळाडूचे पहिले नाव पुकारले गेले आणि अख्ख्या मैदानाने त्याचे आडनाव गर्जून पुरे केले. मग निवेदकाने ‘डांके’, म्हणजे धन्यवाद, म्हटले आणि हजारो लोकांनी एका आवाजात ‘बिट्टे’ म्हणून त्याचा स्वीकार केला. अंगावर काटा आला, हे कबूल करायला मला संकोच नाही. शिवाय चेंडूपासून चाळीस-पन्नास पावलांवर एक बचावपटू आपली जागा सोडून सरकतो आहे आणि त्याच्या पाठीमागे मोकळी जमीन तयार होते आहे, हे मैदानात आधीच दिसते. पडद्यावर ते पुष्कळदा चौकटीबाहेर राहते.

दोन्ही खेळांतला खरा फरक मला घड्याळात दिसतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये घड्याळ सर्वांसमोर टांगलेले असते, ते थांबवता येते, आणि शेवटची दोन मिनिटे उरली की खेळ रोखून तसे सांगितले जाते. मागे असलेला संघ सेकंद वाचवत मैदान कापतो, तेव्हा त्यासारखे नाट्य नाही. मात्र पुढे असलेल्या संघाकडे चेंडू असेल आणि समोरच्याचे टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवायच्या संधी, संपले असतील, तर क्वार्टरबॅक नुसता गुडघा टेकतो, घड्याळ पळत राहते आणि लोक गाडीच्या किल्ल्या शोधू लागतात. सामना संपण्याआधीच संपलेला असतो. फुटबॉलमध्ये ही सोय नाही. वेळ पंचाच्या मनगटावर असते, आणि फलकावर दाखवतात ती वाढीव मिनिटेही किमान असतात. १३ मे २०१२ रोजी मँचेस्टर सिटी नव्वद मिनिटे पूर्ण झाली तेव्हा क्वीन्स पार्क रेंजर्सकडून १-२ असा मागे होता; वाढीव वेळेत आधी झेकोने आणि मग अगुएरोने गोल केला आणि ४४ वर्षांनी इंग्लंडच्या लीगचे विजेतेपद परत आले. तिकडे संडरलंडला आपला सामना जिंकून, त्याच विजेतेपदाच्या शर्यतीतले मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू या निकालाची वाट बघत मैदानावरच उभे होते.

अर्थात असा दिवस क्वचित उगवतो. एरवी फुटबॉलमध्ये एका सामन्यात सरासरी तीन गोलही होत नाहीत, आणि घरच्या सोफ्यावर शून्य-शून्य बरोबरी बघताना मला अनेकदा डुलकी लागली आहे. स्टँडमध्ये तोच सामना झोपू देत नाही, कारण शेजारचे पंचवीस हजार जण झोपू देत नाहीत.

शरद ऋतूतल्या रविवारी आमच्या घरी दोन्ही खेळ असतात. इंग्लंडमधला सामना सकाळी नऊला सुरू होतो, आणि तो बघताना गॅसवरचा चहा हमखास उतू जातो. दुपारी एकला स्टीलर्सचा, म्हणजे आमच्या पिट्सबर्गच्या संघाचा, सामना लागतो. तेव्हा मित्रमंडळी जमलेली असतात, आणि मी डाउनच्या मधल्या वेळात पोहे भिजवतो, जाहिरातींत कांदा चिरतो, आणि पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला चतुर्थांश, संपायच्या आत दहा जणांच्या बशा भरून बाहेर आणतो.