चार्ल्सटनला जाणाऱ्यांनी मळ्याचे तिकीट काढण्यापूर्वी वाचावे असे काही

अमेरिकेतील यादवी युद्धाची पहिली तोफ जिथे डागली गेली, ते साउथ कॅरोलायना राज्यातले चार्ल्सटन पाहायला निघाला असाल, तर एकेकाळी गुलामांकडून कसल्या जाणाऱ्या शहराबाहेरच्या मळ्यांच्या जाहिरातींवर विसंबू नका. आम्ही गेलो त्या मळ्यात प्रवेशाचे पैसे वेगळे, वाडा पाहण्याचे वेगळे आणि गुलामांच्या खोपट्यांकडे नेणाऱ्या फेरीचे आणखी वेगळे घेतले. एवढे करून गाइडने झुंबरे, चिनी मातीची भांडी आणि बाग दाखवण्यातच वेळ घालवला आणि उत्तर व दक्षिण एकमेकांपासून का फुटल्या असे विचारताच जकात आणि राज्यांचे हक्क ही दोन कारणे सांगून विषय मिटवला. ही शुद्ध दिशाभूल आहे आणि तिच्यासाठी एक डॉलरही मोजू नये.

साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्यातून बाहेर पडले आणि चारच दिवसांनी त्याने आपली कारणे जाहीर केली. तो जाहीरनामा निघण्यापूर्वी अवश्य वाचा. त्यात जकातीची तक्रार नाही. गुलामगिरीविषयी उत्तरेत वाढत चाललेले वैर आणि पळून गेलेले गुलाम परत करण्याचा कायदा तिथली राज्ये स्वतःचे कायदे करून निष्प्रभ करतात, हा त्यातला संताप आहे. म्हणजे राज्याचा हक्क उत्तरेने बजावला, तेव्हा तो दक्षिणेला सहन झाला नाही. १८६० च्या जनगणनेत या राज्यातील सुमारे सात लाख लोकांपैकी चार लाखांहून अधिक गुलाम होते आणि देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक मूल्य कापसाचे होते. पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी न्यायची की नाही यावरून १८५४ नंतर कॅन्ससमध्ये रक्त सांडले, त्यामागे हाच हितसंबंध होता. (युद्धात दक्षिणेची बंदरे अडवली गेल्यावर मुंबईत कापसाची जी तेजी आली, तीही याच कापसामुळे.)

एलिझाबेथ स्ट्रीटवरचे एकेन-रेट हाउस मात्र चुकवू नये. मागच्या अंगणात खाली स्वयंपाकघर व धुण्याची जागा आणि वर गुलामांच्या खोल्या आहेत. त्यांची डागडुजी करून त्या चकचकीत केलेल्या नाहीत, त्यामुळे पुढच्या दिवाणखान्यापासून त्या किती थोड्या पावलांवर आहेत हे चालतानाच कळते आणि अंगावर काटा येतो. चामर्स स्ट्रीटवरच्या जुन्या गुलामबाजारात फलक सावकाश वाचा. भर रस्त्यातल्या लिलावांवर शहराने १८५६ मध्ये बंदी घातल्यावर विक्री अशा आवारांत हलली. त्या रस्त्यावर गोटे आहेत, तेव्हा चांगले बूट घाला.

युद्धाचा पहिला मारा झाला त्या बंदरातल्या किल्ल्यावर, फोर्ट समटरला, फक्त बोटीने जाता येते आणि किल्ल्यावर तासाभराचाच वेळ मिळतो. सावली जवळजवळ नाही, म्हणून सकाळची पहिली बोट घ्या. विटांवर गुलाम कारागिरांच्या बोटांचे ठसे आहेत. ते कुठे आहेत हे रेंजरला, म्हणजे किल्ल्यावरच्या सरकारी कर्मचाऱ्याला, विचारून घ्या, नाहीतर १२ एप्रिल १८६१ च्या तोफांच्या कथेत ते नजरेतून निसटतात.

मळा पाहायचाच असेल, तर जेम्स आयलंडवरचा मॅक्लाउड निवडा. तिथे खोपटी मूळ जागी उभी आहेत, गाइडची फेरी प्रवेशाच्या पैशांतच आहे आणि ती फेरी गुलामांच्या आयुष्याविषयीच असते.