पहिल्या हाकेला ओ

मे महिन्यात रात्री गच्चीवर कोणी पुस्तक घेऊन बसलेलं दिसलं की आमच्या जळगावकडच्या चोपडा गावात चौकशी होतेच. परीक्षा आहे का, डोळे बिघडतील, वगैरे. पुस्तक भुताचं आहे आणि त्यावरची मालिका मी आधीच पाहिलीय, हे कळलं की मग खरा प्रश्न येतो. शेजारचा मित्र सरळ अहिराणीत विचारतो, "बठ्ठी गोट तुले माहीत शे, मंग आते कसाले वाचस?" म्हणजे सगळी गोष्ट तुला माहीत आहे, मग आता कशाला वाचतोस? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाच सांगून टाकतो.

पुस्तक शर्ली जॅक्सनचं, 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस', १९५९ सालचं. मालिका नेटफ्लिक्सवरची, २०१८ ची, दहा भागांची, माईक फ्लॅनागनने केलेली. तर पहिली गोष्ट म्हणजे बठ्ठी गोट मला माहीत नव्हतीच. मालिकेत आईबाप आणि पाच भावंडं त्या घरात राहायला येतात. पुस्तकात ही भावंडंच नाहीत. माँटेग्यू नावाचे एक डॉक्टर झपाटलेल्या घराचा अभ्यास करायचा म्हणून ते घर उन्हाळ्यापुरतं भाड्याने घेतात आणि माणसं बोलावतात. एलिनॉर, थिओडोरा आणि घराचा वारस ल्यूक, तिघं एकमेकांना अनोळखी. मालिकेतला बाप ह्यू क्रेन तर इथे घर बांधणारा, कधीच मरून गेलेला माणूस. नावं तीच, नाती भलतीच. लग्नपत्रिकेत छापखान्याने घोळ घातल्यावर होतं तसं माझं पहिल्या वीस-पंचवीस पानांत झालं.

भुतांचंही तसंच. मालिकेत ती जागोजागी लपवलेली आहेत, दाराआड, जिन्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात. माझी भाची थांबवून थांबवून ती मोजत बसली होती. मजा येते, नाही म्हणत नाही. पण मोजता येणाऱ्या भुताला मी फार काळ घाबरू शकत नाही. पुस्तकात भूत असं धड दिसतच नाही. नारायण धारपांच्या भयकथा वाचत मोठ्या झालेल्या आमच्यासारख्यांना सुरुवातीला वाटतं, अरे, हे येणार कधी?

ते येतं एका ठोक्याने. त्यासाठी एलिनॉर थोडी सांगावी लागेल. बत्तीस वर्षांची. अकरा वर्षं आजारी आईचं केलेली. आईला काही हवं असलं की ती भिंतीवर ठोकायची. एका रात्री तिने ठोकलं आणि एलिनॉर गेली नाही. ऐकू आलं नाही की ऐकून पुन्हा झोपली, हे तिचं तिलाच नक्की सांगता येत नाही. त्याच रात्री आई गेली. आता हिल हाउसमध्ये रात्री ठोकल्याचा आवाज येतो आणि ती अर्धवट झोपेत म्हणते, आले आई, आले. आई तर नाही. मग ठोकतंय कोण?

मी पुस्तक पालथं ठेवलं. आमची आजी शेवटची दोन वर्षं मधल्या घरात खाटेवर होती. पाणी हवं असलं की काठीने फरशीवर दोनदा ठोकायची. टक, टक. एकदा मी जागा होतो आणि उठलो नाही. आई उठेल, म्हटलं. आई उठलीही. आजी त्यानंतर वर्षभर जगली, म्हणजे तसं काही बिघडलं नाही. पण मला तो आवाज अजून नीट आठवतो, आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलेलंही.

हीच आजी लहानपणी सांगायची, "रातले कोणी हाक मारी तं पहिली हाकले ओ देऊ नको, पोरा. तीन हाका होऊ दे." माणूस असेल तर तीनदा बोलावतो, दुसरं काही असेल तर एकदाच, असा तिचा हिशेब. एलिनॉरला हे सांगणारं कोणी नव्हतं. ती पहिल्याच हाकेला ओ देते, आणि पुढची सगळी कादंबरी मला त्या ओची वाटते. घर तिला खातंय की तीच घराला बिलगतेय, जॅक्सनबाई शेवटपर्यंत सांगत नाहीत. मालिका सांगते. मालिकेला प्रत्येक जखमेचं मूळ दाखवायचं असतं, आणि मूळ दिसलं की माझी भीती जाते, रडू येतं. दोन्ही चांगलं, पण एक नव्हे.

अंधारात कोणाचा तरी हात धरून ठेवायचा आणि नंतर कळायचं की शेजारी कोणीच नव्हतं, हा प्रसंग दोन्हीकडे आहे. मालिकेमुळे मला तो आधीच ठाऊक होता. तरी वाचताना तो येणार हे कळल्यावर मी पान हळू उलटलं, कारण पडद्यावर हात भावंडांतल्या थिओचा होता, इथे माझा.

त्या रात्री बाराच्या सुमाराला वारा सुटला. घरामागच्या केळीची फाटकी पानं एकमेकांवर घासायला लागली. खालून वडिलांच्या आवाजात हाक आली. मी गप्प. दुसरी आली. तरी गप्प. तिसरीबरोबर शिवी होती, तेव्हा खात्री पटली. शेतीपंपाची थ्री फेज वीज आली होती, बागेत जाऊन मोटार चालू करायची होती.